ठोंबरेला तीन वाजता रेंज लागते

मुकुंद ठोंबरे आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आला, तेव्हा त्याने आमच्या प्रेशर कुकरला टॅग लावला.

टॅग म्हणजे जाड पिवळ्या पुठ्ठ्याची वीतभर लांब चिठ्ठी. वर काळ्या ठळक अक्षरांत 'वापरू नये', खाली लावणाऱ्याचं नाव आणि कारण. पर्थपासून सहाशे किलोमीटर आत, कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असते. एखाद्या यंत्रात खोट आहे असं ज्याला वाटेल त्याने टॅग लावायचा आणि ज्याने लावला त्यानेच तो काढायचा. मॅनेजर येवो नाहीतर मालक येवो, दुसऱ्याच्या टॅगला हात लावायचा नाही. लावलात तर त्याच दिवशी तुम्ही गेटच्या बाहेर. नव्या भरतीला हा नियम समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं. दर सोमवारी सकाळी फळ्यासमोर उभा राहून, नऊ वर्षं, मी तो सांगत होतो. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायची लाज वाटेल.

तर कुकर. वैशाली, म्हणजे माझी बायको, कोशिंबिरीला फोडणी देत होती. ठोंबरे स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून घड्याळाकडे बघत होता.

"वहिनी, ही शिट्टी उशिरा झाली. काय तरी पाणी मुरतंय बघा."

असं म्हणून त्याने गॅस बंद केला, खिशातून टॅग काढला, 'शिट्टी संशयास्पद. मु. ठोंबरे' असं लिहिलं आणि कुकरच्या मुठीला बांधला. भात अर्धा कच्चा. आम्ही आमटी ब्रेडबरोबर खाल्ली. टॅग तसाच ठेवून पाहुणे घरी गेले.

"काढ ना ते," वैशाली मला म्हणाली.

"मला काढता येत नाही. नियम आहे."

"कुकर कुणाचा आहे?"

"कुकर आपला. टॅग त्याचा."

चार दिवस आमच्याकडे पातेल्यात भात शिजला. पाचव्या दिवशी ठोंबरे पर्थहून मागवलेली नवी शिट्टी घेऊन आला, बसवली, घड्याळ लावून तीन वेळा वाजवून ऐकली, टॅगच्या मागे सही केली आणि मगच तो सोडला. जुनी शिट्टी त्याने वैशालीच्या तळहातावर उलटी केली. तिच्यातून दगडासारखा झालेला डाळीचा एक कण पडला. ठोंबरेचा त्रास हाच आहे. दहातल्या एका वेळी तो बरोबर असतो आणि ती कुठली ते आधी कळत नाही.

खाणीत त्याचं काम तेल तपासण्याचं. दुमजली घराएवढे ट्रक, त्यांच्या इंजिनातलं तेल बाटलीत काढायचं, उजेडात धरायचं, नाकाशी न्यायचं. त्या तेलात चमचाभर पाणी किंवा थेंबभर डिझेल गेलं असेल तर प्रयोगशाळेचा कागद यायच्या आधी ठोंबरेचं नाक सांगतं. पंचवीस वर्षं तेलावर संशय घेऊन त्याला जगावरच संशय घ्यायची सवय लागली. दुकानात केळी घेताना तो घडाची खालची बाजू बघतो. कुणी त्याला "हाउ आर यू, मेट?" म्हणालं, तर उत्तर द्यायच्या आधी तो विचारणाऱ्याकडे क्षणभर निरखून बघतो.

लग्न केलं नाही. तीन ठिकाणी जमत आलं होतं, पण मुलीकडच्यांनी याची चौकशी करायच्या आत यानेच त्यांची इतकी केली, की तिन्ही घरांनी आपापल्या मुली सुखरूप दुसरीकडे दिल्या. हे त्यानेच सांगितलं. "एका ठिकाणी मुलीच्या मामाने दोनदा दोन वेगळी गावं सांगितली की. मी कसा गप्प बसू?"

करोना आला तेव्हा आमच्या राज्याने दार लावून घेतलं. परदेश तर सोडाच, मेलबर्नचा माणूसही आत येऊ शकत नव्हता. त्यामुळे आत रोग जवळजवळ नव्हताच. अख्ख्या कालगुर्लीत मास्क लावणारी माणसं म्हणजे हॉस्पिटलातले डॉक्टर, ते ऑपरेशनपुरते, आणि ठोंबरे. तो एकावर एक दोन लावायचा. "पहिल्यावर माझा विश्वास नाही," म्हणायचा. तेलाच्या बाटल्या हुंगताना तेवढे खाली घ्यायचा आणि लगेच वर.

त्याच सुमाराला तो दुपारचा बाराला जेवेनासा झाला. आम्ही सगळे जेवून परत कामाला लागलो, की तीनच्या ठोक्याला डबा आणि फोन घेऊन तो तेलाच्या पिंपांच्या शेडमागे जायचा आणि चाळीस मिनिटांनी यायचा. वैशालीचा तर्क असा, की बाई आहे. मला ते पटेना. पण खोटं कशाला बोलू, एक दिवस मी शेडमागे जाऊन कान दिला. "आता एकच घास. तेवढा संपव बघू. मग गोळी," असं तो कुणाला तरी म्हणत होता. मी पाऊल न वाजवता परत आलो.

बाईच होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मिरजेत, एकटी.

आमच्याकडे तीन वाजले की तिकडे साडेबारा. ठोंबरेच्या आईकडे दिवसभर एक बाई असायची, पण गल्ली बंद झाली आणि तिचं येणं थांबलं. शेजारचे लोक दारात डबा ठेवायचे. आईला विसरायला व्हायचं. जेवलो की नाही तेच लक्षात राहायचं नाही. त्यात मधुमेहाची गोळी, ती जेवणावरच घ्यायची. एकदा उपाशीपोटी घेतली आणि स्वयंपाकघरात कोसळली. शेजाऱ्यांनी कडी तोडून दार उघडलं. त्या दिवसापासून रोज साडेबाराला आई फोन डब्याला टेकवून ठेवते, इकडे हा फोन पिंपाला टेकवतो आणि दोघं समोरासमोर जेवतात. गोळी त्याच्या डोळ्यांदेखत. सहा महिन्यांत एक दिवस चुकला नव्हता.

हे त्याने मला सांगितलं ते आमच्या सहलीला नाही म्हणताना.

सप्टेंबरची शाळेची सुट्टी होती. बालीला जाता येत नाही म्हणून सगळं राज्य राज्यातच फिरत होतं. आम्ही युक्लाला जायचं ठरवलं. नॉर्समन गावावरून पूर्वेला वळलं की सातशे किलोमीटर सरळ रस्ता आणि शेवटी वाळूत गाडलं गेलेलं जुनं तारघर. "भाऊजी एकटेच असतात, त्यांनाही घेऊ," वैशाली म्हणाली. मीही हो म्हणालो. माझ्या मनात मात्र एवढंच होतं, की त्या रस्त्यावर टायर बदलता येणारा माणूस बरोबर असावा.

"तीन वाजता मला रेंज लागते, साळवी. त्या रस्त्याला रेंज नाही."

मी कागद काढला. कुठल्या दिवशी तीन वाजता आपण रस्त्यावरच्या कुठल्या रोडहाउसला, म्हणजे पंप-खानावळीला, असू, तिथे फोन लागतो का, सगळं लिहून काढलं. त्याने दोनदा वाचलं.

"सही कर."

मी सही केली. कागद चार घड्या करून त्याने पाकिटात ठेवला.

आमची गाडी लहान आणि जुनी, म्हणून मोठी भाड्याची घेतली. माझी नऊ वर्षं पेट्रोलच्या गाडीत गेलेली; ही डिझेलची. काउंटरवरच्या मुलीने किल्ली पुढे केली तेव्हा ठोंबरेने उभ्या उभ्या कराराची सगळी पानं वाचली. मग गाडीचे चौऱ्याऐंशी फोटो काढले, त्यातले सहा गाडीखाली झोपून. मग टॅग, वरच्या 'वापरू नये'वर काट मारून 'लक्ष ठेवावे' केलेले. आत दोन, मागच्या सीटच्या पट्ट्याला आणि एका खिडकीच्या बटणाला. बाहेर तीन. डाव्या मागच्या टायरवरच्या मडगार्डला 'हवा संशयास्पद'. टपावरच्या कॅरियरला 'डावा नट बघणे'. तिसरा इंधनाच्या झाकणाखालून दोरीला लोंबत होता. त्यावर काय होतं ते मी वाचलं नाही.

इरा, माझी तेरा वर्षांची मुलगी, गाडीकडे बघत राहिली. "डॅड, इट लुक्स लाइक अ क्राइम सीन."

ठोंबरे मागे, ड्रायव्हरच्या पाठीशी बसला. तिथून आरशात चालवणाऱ्याचे डोळे दिसतात. नॉर्समनपर्यंत त्याने मला तीनदा विचारलं, "डुलकी येतेय काय?"

नॉर्समनला पंपावर थांबलो. ठोंबरे आईला सकाळचा फोन करून येतो म्हणून पलीकडे गेला. वैशाली पाणी आणायला आत गेली. शेजारच्या पंपावर एक कुटुंब होतं, त्यांची मुलगी इराच्या वर्गातली. त्यांनी आमच्या गाडीकडे बघितलं, वाऱ्यावर फडफडणाऱ्या तीन पिवळ्या चिठ्ठ्यांकडे बघितलं आणि हसू दाबलं.

"डॅड. प्लीज."

मी इकडेतिकडे बघितलं. ठोंबरेची पाठ होती. आणि ज्या माणसाने नऊ वर्षं सोमवारी सकाळी सांगितलं, की दुसऱ्याच्या टॅगला मरेपर्यंत हात लावू नका, त्याने तिन्ही टॅग ओढून तोडले आणि कचऱ्याच्या डब्यात, रिकाम्या कॉफीच्या कपांखाली, दाबले.

मग घाईघाईत टाकी भरली. झाकणावर कंपनीने इंग्रजीत लिहिलेलं असणारच. मी झाकणाकडे बघतच नव्हतो. ठोंबरे वळतोय का, ते बघत होतो. हात आपल्या सवयीने पेट्रोलच्या नळीकडे गेला.

टाकीत निम्मं डिझेल आधीचं होतं, म्हणून गाडी लगेच बंद पडली नाही. तासभर चालली. शेवटी शेवटी खोकायला लागली. बारा वाजून दहा मिनिटांनी, नॉर्समनच्या पुढे सत्तर किलोमीटरवर, तिने मान टाकली. दोन्हीकडे खुरट्या झाडांचं रान. रस्ता मागे सरळ, पुढे सरळ. फोनवर रेंजची एकही काडी नाही.

आणि त्या क्षणी मला कळलं. पंप, नळी, नळीचा रंग, सगळं डोळ्यांसमोर आलं. तोंड उघडायला हवं होतं. मी बॉनेट उघडलं.

ठोंबरेने किल्ली काढून खिशात टाकली आणि स्टिअरिंगला टॅग बांधला. 'कारण अज्ञात. सुरू करू नये.' मग गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि डाव्या टायरपाशी थांबला.

"साळवी, इथला टॅग कुठं गेला?"

"वाऱ्याने गेला असेल."

"तिन्ही?"

मी रुमालाने हात पुसत राहिलो. हात स्वच्छ होते.

"काय तरी पाणी मुरतंय," ठोंबरे म्हणाला आणि चौकशी सुरू झाली. आधी काउंटरवरची मुलगी: तिने किल्ली देताना नजर का चुकवली? मग पंपाचा मालक: जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलेलं त्याला माहीत असेल, म्हणून त्याने बाहेर येऊन झाकणाचा टॅग काढला. मग शेजारच्या पंपावरचं कुटुंब: ते हसत का होते? इराच्या वर्गातली ती मुलगी घरी काय काय बोलते? पुढे त्याने वैशालीलाही विचारलं, तिने आणलेल्या पाण्याच्या बाटल्यांची सीलं तिने स्वतः तोडली ना. जगातला प्रत्येक माणूस त्याच्या यादीत होता. मी नव्हतो. मी वाट बघत होतो की आता माझ्यावर येईल, आला तर मी सांगून मोकळा होईन. पण तो माझ्याशीच सल्लामसलत करत होता. "तुला कुणाचा संशय येतो?" असं त्याने मला विचारलं.

इरा माझ्याकडे बघत होती. अजिबात पापणी न लवता.

दोन रोड ट्रेन गेल्या. तीन तीन डबे जोडलेल्या त्या ट्रकना थांबायलाच किलोमीटर लागतो. भोंगा वाजवून, वाळू उडवून निघून गेल्या. एक वाजला. दीड वाजला. ठोंबरेने पाकिटातून माझ्या सहीचा कागद काढला, वाचला आणि परत ठेवला. 

"येणाऱ्या गाडीबरोबर निरोप पाठवून दुसऱ्या कुणी फोन केला तर?" वैशालीने विचारलं.

"ती दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल उचलत नाही. मीच बजावून ठेवलंय. फसवणारे लोक असतात."

पावणेदोनला नॉर्समनच्या दिशेने जाणारा, मागे उघडा हौदा असलेला एक जुना यूट थांबला. आत पांढऱ्या दाढीचा म्हातारा, नाव कॉलिन, आणि शेजारच्या सीटवर एक तांबडा कुत्रा.

"यू राइट, मेट?"

ठोंबरे दोन मीटरवर उभा राहिला. "तुम्ही कुठल्या राज्यातून आलात?"

"ह्याच. सत्तर वर्षं झाली."

"गेल्या चौदा दिवसांत बाहेर?"

"गेल्या चौदा दिवसांत मी कुंपण दुरुस्त करतोय," कॉलिन म्हणाला. "याला काय झालंय? तोंड बांधून दरोडा घालणार आहे का?"

कॉलिनला नॉर्समनला जायचं होतं. एका माणसाची जागा होती, तीही कुत्रा मांडीवर घ्यायची तयारी असेल तर. तासाच्या आत रेंज. मी ठोंबरेचा हात धरला. "जा तू. बस. तीनच्या आत पोचशील."

"तू जा. टो ट्रक सांग."

"अरे, आई!"

तेव्हा त्याने पहिल्यांदा आवाज चढवला. "इंजिन कशाने बंद पडलं ते मला कळलेलं नाही. इंधनात काय गेलंय ठाऊक नाही. तापलेल्या इंजिनाखाली इंधन गळत असलं तर गाडी उभ्या उभ्या पेट घेते, मी पाहिलंय. वहिनी आहेत, इरा आहे. उन्हात दुसरीकडे सावली नाही, त्या दोघी गाडीतच बसणार. कारण कळल्याशिवाय माणसं यंत्राजवळ सोडून मी जात नाही. तू शिकवतोस की हे सोमवारी!"

शिकवतो. ते वाक्यही माझंच.

कॉलिनने घड्याळ बघितलं. "आय हेट टू रश यू, जेंट्स."

दोन वाजून पाच मिनिटं. ठोंबरे गुडघ्यांवर बसून गाडीखाली वाकून बघत होता, दोन मास्कांतून धापा टाकत. त्याला फक्त कारण हवं होतं. ते माझ्याकडे होतं.

"मुकुंद," मी म्हणालो. त्याला नावाने मी कधी हाक मारत नाही. "मी पेट्रोल भरलं."

तो तसाच वाकलेला राहिला.

"आणि टॅग मी काढले. तिन्ही. लोक हसत होते म्हणून."

तो उठला. झाकणापाशी गेला. ते उघडलं. मग त्याने एक मास्क हनुवटीखाली ओढला, मग दुसरा, आणि टाकीच्या तोंडाशी नाक नेलं. सहा महिन्यांत इतक्या जवळून त्याचं तोंड मी पहिल्यांदाच बघत होतो. ते मला वाटलं होतं त्यापेक्षा म्हातारं झालं होतं.

"पेट्रोल," तो म्हणाला. मग विचारलं, "टॅग काढताना वाचलास?"

"नाही."

"'फक्त डिझेल' लिहिलं होतं. मराठीत. तुझ्यासाठीच."

मला वाटलं, आता शिव्या देईल. त्याने दिल्या नाहीत. स्टिअरिंगचा टॅग सोडला, त्याच्या मागे 'कारण ज्ञात' लिहून सही केली आणि खिशातून किल्ली काढली. ती त्याने वैशालीच्या हातात दिली. माझा हात पुढे आला होता, तो तसाच राहिला.

"वहिनी, सुरू करायची नाही. पेटणार नाही, बसा आत."

कुत्र्याने त्याला बघून दात दाखवले. ठोंबरेने त्याच्याकडेही निरखून बघितलं, पण वेळ नव्हता. तो कुत्रा मांडीवर घेऊन बसला आणि यूट निघून गेला.

आम्ही तिघं गाडीत बसलो. 

"आय सॉ यू, यू नो," इरा म्हणाली. "ॲट द बिन."

"माहीत आहे मला."

"सव्वादोनला मी सांगणार होते त्याला." एवढं मात्र ती मराठीत म्हणाली.

वैशाली किल्ली मुठीत धरून बाहेर बघत होती. "मला वाटलं, तू नाही सांगणार," ती म्हणाली. पंधरा वर्षांच्या संसारात तिने मला बरंच काही ऐकवलं आहे. हे तिने ऐकवलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं.

तीन वाजले. मिरजेत साडेबारा. आम्ही तिघांनीही घड्याळ बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं. मी मनात हिशेब करत होतो: गाडी बंद पडल्या पडल्या बोललो असतो, तर त्या दोनपैकी एखादा ट्रक हाताने खुणावून थांबवला असता. कॉलिन आल्या आल्या बोललो असतो, तर वीस मिनिटं वाचली असती.

पाचला टो ट्रक आला. ड्रायव्हरशेजारी ठोंबरे होता. नॉर्समनला सावलीत बसून राहता आलं असतं, तरी तो परत सत्तर किलोमीटर आला होता, कारण टो ट्रकवाला गाडी नीट बांधतो की नाही याचा त्याला भरवसा नव्हता.

"आई?" मी विचारलं.

"जेवली." तो साखळीचे आकडे ओढून बघत होता. "अकरा मिनिटं उशीर झाला. ताट तसंच होतं पुढ्यात. गोळी हातात होती."

"हातात?"

"हातात. तोंडात नव्हती." असं म्हणून तो पुढच्या आकड्याकडे वळला.

दुसऱ्या दिवशी गाडी नॉर्समनच्या गॅरेजमध्ये टाकी रिकामी करायला उभी होती आणि आम्ही मोटेलमध्ये. भाड्याच्या कंपनीचा फॉर्म ठोंबरेने माझ्यापुढे ठेवला. "कोणी, काय, कधी. सगळं खरं लिही." मी लिहिलं. त्याने शब्दन् शब्द तपासला आणि एका जागी 'चुकून'च्या आधी 'घाईत' घालायला लावला. त्यापलीकडे सकाळपासून तो माझ्याशी बोलला नव्हता. नाश्त्याला त्याने मीठ वैशालीकडे मागितलं, ते माझ्यासमोर असताना. आमची मैत्री संपली असं मी धरून चाललो होतो आणि ते बरोबरच आहे असंही मला वाटत होतं.

तीनला पाच मिनिटं कमी असताना त्याने खोलीच्या दारातून हाक मारली. "साळवी. इकडं ये."

अंगणातल्या लाकडी बाकावर फोन पाण्याच्या बाटलीला टेकवलेला होता. पडद्यावर एक बारीक, पांढऱ्या केसांची बाई, तोंड इतकं जवळ की चष्म्याने अर्धा पडदा भरला होता.

"आई, हा बघ. साळवी."

"हा साळवी कशावरून?"

मी ठोंबरेकडे बघितलं. तो गंभीरच होता. संशय घराण्यातला होता तर.

"नंबर सांग बघू तुझा," म्हातारी म्हणाली.

मी माझा फोन नंबर सांगायला लागलो. "हळू," ती म्हणाली आणि उठली. पडदा हलला, छत दिसलं, पंखा दिसला, मग भिंत. कॅलेंडरच्या शेजारी एक कागद चिकटवलेला होता. त्यावर बोटभर उंच अक्षरांत एकच नाव होतं, 'साळवी', आणि एकच नंबर. ती एकेक आकडा बोट लावून ताडून बघत होती.

"बरोबर आहे," तिने निकाल दिला आणि परत येऊन बसली. "मुकुंदानं सांगून ठेवलंय. आई, माझा फोन लागला नाही, मला काय झालं, तर ह्याला लाव. दुसऱ्या कुणाला लावू नको, कुणाचं खरं नसतं. ह्याचं असतं म्हणाला."

"आई, जेव," ठोंबरे म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"जेवते की. काल केलंस त्याची माफी मागितलीस का ह्याची?" ती माझ्याकडे वळली. "डिझेलच्या गाडीत पेट्रोल घातलं ह्यानं! पन्नाशी उलटली, अजून बघून काही करत नाही. तुम्हाला सगळ्यांना उन्हात बसवलं."

मी तोंड उघडलं. बाकाखाली ठोंबरेचा बूट माझ्या पायावर पडला आणि तिथेच दाबून राहिला. तो माझ्याकडे बघत नव्हता. डब्यातला भात कालवत होता.

"लक्ष ठेव रे बाबा ह्याच्यावर," म्हातारी म्हणाली. "मी इतक्या लांबून काय बघणार?"

"हो," मी म्हणालो. "ठेवतो."

"आणि तुझं ताट कुठंय?"

मी बारा वाजता जेवलो होतो. ठोंबरेने डब्याच्या झाकणात अर्धा भात काढला आणि माझ्याकडे सरकवला. बूट अजून पायावरच होता. तिकडे म्हातारी पहिला घास हातात धरून थांबली होती, मी सुरुवात करतोय का ते बघत. मी जेवायला लागलो.